बाबासाहेबांनी विषय कसे निवडले?

आपल्या वस्तीतला मुलगा एम.ए.ला विद्यापीठात गेला की सगळे विचारतात, फॉर्म भरला का, स्कॉलरशिपचे काय झाले? प्रश्न रास्तच आहेत. पण विषय कोणते घेतलेस आणि का घेतलेस, हे त्याला कोणी विचारीत नाही. ज्याच्या नोट्स मिळतात तो विषय, नाहीतर खिडकीवरचा कारकून सांगेल तो!

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती, मुदत तीन वर्षे. मुख्य विषय अर्थशास्त्र. पदवीपुरते विषय घेऊन त्यांना मोकळे होता आले असते. पण त्यांनी घेतलेले अभ्यासक्रम पाहा. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन! अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मानववंशशास्त्राचे काय काम? त्याचे उत्तर ९ मे १९१६ रोजी मिळाले. डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात बाबासाहेबांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला आणि जातीबाहेर लग्न न करणे हेच जातीचे मर्म आहे, असे मांडले. जातीचा प्रश्न ते इथून घेऊन गेले होते. तो सोडवायची हत्यारे त्यांनी ज्या विभागात मिळाली तिथून उचलली.

मी एम.ए.ला गेलो तेव्हा मला भाषाविज्ञान हवे होते. विभागातले एक सर हसून म्हणाले, "तुम्ही दलित साहित्यच घ्या ना!" मी घेतले. विषय आवडीचाच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण निवड माझी नव्हती, हे आजही सलते. आमच्या मुलांनी आमच्यावरच लिहावे आणि बाकीचे शास्त्र इतरांसाठी राखून ठेवावे, ही प्रस्थापितांची जुनीच वाटणी आहे.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात ऐच्छिक विषयांचा, क्रेडिटचा मोठा गाजावाजा आहे. पण प्राध्यापकांच्या जागाच रिकाम्या असतील तर ऐच्छिक विषय शिकवणार कोण? कागदावर दहा विषय आणि वर्गात दोन, असे असेल तर विद्यार्थ्यांनी विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्यावा आणि लेखी उत्तर मागावे. तोंडी नकार ऐकून परत फिरू नये.

आणि वस्तीतल्या शिकलेल्यांना एक विनंती. प्रवेश सुरू होण्याआधी एखाद्या रविवारी विहारात या मुलांना घेऊन बसा. अभ्यासक्रमाची पुस्तिका समोर ठेवा आणि आधी त्यांनाच विचारा, तुला नेमके काय शोधायचे आहे?