संस्था चालविण्याचेही शिक्षण असते

घरातला मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली की आपल्या वस्तीत दोनच प्रश्न विचारले जातात. स्पर्धा परीक्षा देणार का? नाहीतर बी.एड. करणार का? दोन्ही वाटा चांगल्याच आहेत. परंतु तिसरी एक वाट आहे, तिच्याकडे आपल्या कुटुंबांचे फारसे लक्ष गेलेले नाही. सामाजिक संस्था कशी उभारावी आणि कशी चालवावी, याचे पदव्युत्तर शिक्षण घेण्याची ही वाट. तिची माहिती आमच्या वाचक बंधू-भगिनींना असावी, म्हणून हा लेख.

बाबासाहेबांनी घालून दिलेली शिस्त

९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी सभा बोलावली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. ती नुसती घोषणा नव्हती. सभेला अध्यक्ष होते, चिटणीस होते, खजिनदार होते, लेखी उद्दिष्टे होती आणि १८६० च्या कायद्याखाली नोंदणीही होती. पुढच्याच वर्षी सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय, १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा. घटना, हिशेब, पदाधिकारी आणि नोंदणी यांना बाबासाहेबांनी किती महत्त्व दिले होते, हे या क्रमावरून ध्यानात येते.

आता आपल्या आसपास पाहू. विहार समिती आहे, महिला मंडळ आहे, बालवाडी आहे, वाचनालय आहे. लोकांनी घाम गाळून, रुपया-रुपया वर्गणी देऊन ती उभी केली. पण संस्थापक मंडळी थकली की काय होते? धर्मादाय कार्यालयातील नोंदीत दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच राहतात. नवी कार्यकारिणी निवडली जाते, मात्र ९० दिवसांच्या आत द्यावयाचा बदल अर्ज कोणी देतच नाही. मग दोन गट पडतात, बँक सह्या मान्य करीत नाही आणि वर्षानुवर्षे तारखा पडत राहतात. विश्वस्त संस्थेची जागा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, हे कित्येकांना ठाऊक नसते. माणसे प्रामाणिक असतात, पण कागद सांभाळण्याचे शिक्षण कोणी दिलेलेच नसते. नुकसान मात्र सगळ्या वस्तीचे होते.

शिक्षण कोठे मिळते?

आपल्या देशात या विषयाच्या शिक्षणाची सुरुवात मुंबईच्या कामगार वस्तीतूनच झाली. नागपाड्यात क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी चालविलेल्या नेबरहूड हाऊसच्या अनुभवातून १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तिच्या पहिल्या पदविकेचे नावच मुळी समाजसेवा प्रशासन असे होते. तीच आजची देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. मुंबईत १९५५ पासून निर्मला निकेतन आणि पुण्यात १९६३ पासून कर्वे समाज सेवा संस्था ही जुनी नावे आहेत. याशिवाय अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी समाजकार्य महाविद्यालये आहेत आणि तेथे एम.एस.डब्ल्यू. करता येते. बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले, तेथेही आज ना-नफा संस्थांच्या व्यवस्थापनाचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे.

एम.एस.डब्ल्यू. दोन वर्षांचे असते आणि कोणत्याही शाखेच्या पदवीधराला करता येते. आठवड्यातून साधारण दोन दिवस क्षेत्रकार्य असते. म्हणजे झोपडपट्टीत, दवाखान्यात, शाळेत किंवा एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करावयाचे आणि त्याचा अहवाल लिहून तो मार्गदर्शकांना दाखवावयाचा. वर्गात समुदाय संघटन, संशोधन पद्धती, सामाजिक कायदे आणि संस्थेचे प्रशासन शिकवितात. अंदाजपत्रक कसे करावे, योजनेचा प्रस्ताव कसा लिहावा, कामाचे मूल्यमापन कसे करावे, पगारी कर्मचारी आणि स्वयंसेवक यांना बरोबर कसे न्यावे, हा त्यातला गाभा आहे. वस्तीत वाढलेल्या मुलांना क्षेत्रकार्यात एक फायदा असतो. नळावरचे भांडण काय असते, रेशनकार्डासाठी किती खेटे घालावे लागतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

खर्चाचे काय?

हा खरा प्रश्न आहे. १९९० साली अनुसूचित जातींच्या केंद्रीय आदेशात बौद्धांचा समावेश झाला, तेव्हापासून केंद्राच्या सवलतीही आपल्याला लागू आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. महाराष्ट्रात तिचा अर्ज महाडीबीटीवर भरावयाचा असतो. परदेशी जावयाचे असल्यास केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. त्यांच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातील दाखला ही कागदपत्रे पदवीच्या शेवटच्या वर्षातच तयार ठेवावीत.

शिष्यवृत्ती मंजूर झाली म्हणजे सारे मिटले, असे मात्र समजू नये. पैसे हातात येण्यास उशीर होतो आणि वसतिगृह व खाणावळीचे पैसे आधी मागितले जातात. २०१८ साली टाटा संस्थेच्या विद्यार्थ्यांनी याच शुल्क-सवलतीच्या प्रश्नावर संप केला होता. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी कार्यालयात जाऊन कोणते शुल्क माफ आणि कोणते भरावे लागेल, हे लेखी विचारून घ्यावे.

पुढे नोकरी?

आई-वडिलांना खोटी आशा दाखविणे आम्हाला बरे वाटत नाही. स्वयंसेवी संस्थांतील पगार सुरुवातीला बेताचा असतो आणि बऱ्याच नेमणुका योजना चालेपर्यंतच असतात. ज्या घरात एकाच मिळकतीवर पाच माणसे आहेत, त्यांनी याचा विचार अवश्य करावा. परंतु हॉस्पिटलांतील वैद्यकीय समाजसेवक, बालकल्याणाच्या यंत्रणा, सरकारी योजनांचे समन्वयक अशाही जागा असतात. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. तो पैसा नीट वापरणारी, हिशेब देणारी माणसे कंपन्यांना आणि संस्थांना लागतात.

आणखी एक गोष्ट. आपल्या वस्त्यांत काम करणाऱ्या संस्थांत आपली मुले-मुली पुष्कळदा दारोदार फिरणारे कार्यकर्ते असतात. योजना आखणारे आणि पैशाचा निर्णय घेणारे टेबलापलीकडे असतात. ती खुर्ची गाठावयाची तर अनुभवाच्या जोडीला पदवी हवी. सर्वेक्षणाला फिरणारी आपली लेक उद्या प्रकल्प प्रमुख होऊ शकते, पण त्यासाठी घरच्यांनी तिला दोन वर्षे द्यावी लागतील.

ज्यांना कॉलेज शक्य नाही त्यांनी

नोकरी करणाऱ्यांनी आणि गृहिणींनीही यातले थोडे शिकून घेता येते. आपल्या विहाराची किंवा मंडळाची घटना एकदा सर्वांसमोर वाचावी. बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी लिहावे. पावतीशिवाय वर्गणी घेऊ नये. ३१ मार्चला हिशेब बंद करून लेखापरीक्षण वेळेवर करून घ्यावे. नोंदणीचा उतारा काढून त्यावरील नावे आजची आहेत का, ते तपासावे.

आणि वस्तीतून एक तरी मुलगा किंवा मुलगी या शिक्षणाला जाईल, अशी व्यवस्था विहार समितीने करावी. जयंतीच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढली तरी प्रवेश अर्जाचे आणि पहिल्या महिन्याच्या खाणावळीचे पैसे निघतात. ज्या संस्था आपल्या आजोबांनी वर्गणी काढून उभ्या केल्या, त्या सांभाळणारी माणसे घडविणे हे आता आपले काम आहे.