अंगावरून वारं गेल्यावर

आज ज्या आजाराबद्दल बोलायचं आहे त्याला डॉक्टर पक्षाघात म्हणतात, कुणी लकवा म्हणतं, आणि गावातली म्हातारी माणसं म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." सकाळी भाकऱ्या थापणारी बाई दुपारी एका कुशीवर पडलेली असते. हात उचलत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही. हा आजार येतो क्षणात आणि जातो मात्र फार सावकाश.

झटका आला की काय करायचं, हे पुष्कळदा सांगितलं जातं. आज आम्ही त्याच्या पुढचं सांगणार आहोत. माणूस वाचला, दवाखान्यातून घरी आला, मग काय? आमचं म्हणणं एवढंच आहे: पहिले काही दिवस दवाखान्याचे असतात, पण पुढचे सहा महिने घराचे, गावाचे आणि गटाचे असतात. सरकारी दवाखान्याची मदत डिस्चार्जच्या दिवशी संपत नाही. पण ती आपल्या दारात आपोआप येत नाही. ती मागून घ्यावी लागते.

वारं म्हणजे नेमकं काय?

अंगावरून वारं वगैरे काही जात नाही. बिघाड होतो मेंदूत. मेंदूला रक्त नेणारी एखादी नळी गुठळीने बंद होते, नाहीतर फुटते. ज्या भागाला रक्त मिळत नाही, तो भाग मरायला लागतो. मिनिटाला साधारण १९ लाख पेशी मरतात, असा अंदाज आहे. मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते आणि डावी बाजू उजवी. म्हणून उजवं अंग गेलं की बऱ्याचदा बोलणंही जातं, कारण बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याची जागा डावीकडे असते.

हा शहरातल्या श्रीमंतांचा आजार आहे, असं समजू नका. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ८६ गावांचा अभ्यास केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्या गावांत मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण पक्षाघातच निघालं. दर सात मृत्यूंमागे एक. आणि त्यातली बहुतेक माणसं दवाखान्यात नाही, घरीच गेली. ती गावंही आपल्यासारखीच, भातशेतीची आणि जंगलाच्या कडेची.

पहिले काही तास

हे थोडक्यात सांगतो, कारण पुढचं बरं होणं यावर अवलंबून आहे. तोंड एका बाजूला वाकडं झालं, दोन्ही हात वर करायला सांगितले तर एक खाली पडला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी आधी घड्याळ बघा. वेळ कागदावर लिहा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि ते देण्याआधी सीटी स्कॅन करून गुठळी आहे की रक्तस्राव, हे बघावंच लागतं.

१०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. फोनवरच सांगा, "लकव्याचा पेशंट आहे, सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी न्यायचं आहे." शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, खर्डी, मुरबाड आणि टोकावड्याची ग्रामीण रुग्णालयं जवळची आहेत, पण पुढे ठाण्याला पाठवायची वेळ येऊ शकते. आटगावहून ठाणं साठेक किलोमीटर आहे. म्हणून गावात मांत्रिक, मालिश, कबुतराचं रक्त यात एक तासही घालवू नका. पाणी पाजू नका, ते फुप्फुसात जातं. शेजाऱ्याच्या घरातली बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी देऊ नका. आत रक्तस्राव असेल तर तीच गोळी जीव घेईल.

पैशाची भीती घालून घेऊ नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. मुंबईतली केईएम, सायन ही रुग्णालयं महापालिकेची आहेत. तिथे हा नियम लागू नाही. तिथे वैद्यकीय समाजसेवकांचं कार्यालय विचारा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत रेशनकार्डवरच्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जा. योजनेचा फोन नंबर १५५३८८.

घरी आणण्याआधी पाच प्रश्न

डिस्चार्ज मिळाला की सगळ्यांना घाई होते. गाडी उभी असते, घरी गुरंढोरं असतात. तरी दहा मिनिटं थांबा आणि हे पाच प्रश्न विचारूनच निघा. शक्यतो घरात जी बाई शुश्रूषा करणार आहे, तिने स्वतः विचारावेत.

एक, गुठळी होती की रक्तस्राव? दोन, कोणती गोळी किती दिवस, आणि यातल्या कोणत्या आपल्या आरोग्य केंद्रात मिळतात? तीन, तोंडाने काय भरवायचं, पातळ की दाट? चार, कोणते व्यायाम, दिवसातून किती वेळा? तुम्ही एकदा करून दाखवा. पाच, परत कधी यायचं आणि कुणाला भेटायचं?

डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढा. पावसाळ्यात घर गळतं, कागद भिजतो, आणि मग पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही.

घरचे सहा महिने

मेंदूचा मेलेला भाग परत जिवंत होत नाही. पण शेजारचा भाग ते काम शिकतो. लहान मूल चालायला शिकतं तसंच, पुन्हा पुन्हा करून. हे शिकणं पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगाने होतं, सहा महिन्यांपर्यंत बऱ्यापैकी चालतं आणि त्यानंतरही थोडं थोडं होत राहतं. म्हणून "आधी अंगात ताकद येऊ दे, मग व्यायाम बघू" असं म्हणू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली की दुसऱ्या दिवसापासून सुरू करा.

झोपून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला. नाहीतर कमरेला, टाचेला जखमा होतात आणि त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत. उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो. कमरेला आणि चांगल्या बाजूला आधार द्या. कपडे घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. त्या अंगाला गरम विटेचा किंवा तव्याचा शेक देऊ नका. तिथे चटका जाणवत नाही, कातडी भाजते. तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, पण तेल म्हणजे व्यायाम नव्हे.

व्यायामाला महागडं काही लागत नाही. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून चांगल्या हाताने लुळा हात डोक्यावर न्यायचा. उताणं झोपून गुडघे मोडायचे आणि कंबर उचलायची. खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, कुणीतरी जवळ उभं राहून. बोटं हलायला लागली की ताटलीत चिंचोके घेऊन एकेक वेचायचे, कणकेचा गोळा दाबायचा, कडधान्य निवडायचं. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा. फिजिओथेरपिस्ट जिल्हा रुग्णालयात असतात. शहापूरला किंवा मुरबाडला कोणत्या वारी भेटतील, हे आशाताईंकरवी विचारून घ्या. हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. आटगावहून लोकलने दादर आणि तिथून पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी, असं जाता येतं. चालण्यासाठी पट्टा किंवा आधार लागत असेल, तर तिथली एक फेरी वाया जात नाही.

जेवताना पूर्ण बसवा आणि जेवल्यावर अर्धा तास बसूनच ठेवा. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर दाटसर पेज, मऊ भात, नागलीची घट्ट आंबील छोट्या घासाने द्या. ठसका थांबतच नसेल, ताप आला, छातीत घरघर झाली, तर लगेच दवाखाना. लकव्यातून वाचलेली माणसं कधी कधी या न्यूमोनियाने जातात.

बोलणं गेलेल्या माणसाला पुष्कळदा सगळं कळत असतं. फक्त शब्द सापडत नाही. त्यांच्यासमोर "आता हिचं काही खरं नाही" असं बोलू नका. 'हो' आणि 'नाही'ने उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा आणि थांबा. दुसरी गोष्ट, रडू. एकाएकी रडणं, गप्प होणं, जेवण टाकणं. हे नखरे नाहीत. लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ या टेलिमानस नंबरवर मोफत बोलता येतं. शुश्रूषा करून थकलेल्या बाईनेही तो फिरवावा.

गोळी थांबवायची नाही

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. तीन महिन्यांनी बीपी तपासलं, ते बरोबर निघालं, आणि गोळी बंद. अहो, बीपी बरोबर आहे ते गोळीमुळेच! गोळी सुटली की दुसरा झटका येतो, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. बीपीच्या आणि साखरेच्या नेहमीच्या गोळ्या आपल्या उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळण्याची सोय आहे. उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात. ई-संजीवनीवरून त्या मोठ्या डॉक्टरांशी तिथूनच बोलणं करून देऊ शकतात. म्हणजे दर वेळी ठाण्याला जायला नको. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आणा. एखादी गोळी शिल्लक नसेल तर "नाही" ऐकून परत येऊ नका. कधी येईल आणि तोवर दुसरी कोणती चालेल, हे विचारा.

मीठ कमी करा. दिवसाला माणशी सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा पुरे. सुकट, खारवलेला बोंबील, पापड, लोणचं यात किती मीठ जातं ते मोजा म्हणजे कळेल. आणि मशेरी, तंबाखू, बिडी सोडायचीच. बायका म्हणतात, "मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही." होतं. पंधरा दिवस त्रास होतो, मग होतं.

कागदपत्रं

सहा महिन्यांनीही हात-पाय परतले नाहीत, तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. जिल्हा रुग्णालयात त्यासाठी तपासणी होते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी शहापूर किंवा मुरबाडच्या तहसील कार्यालयात अर्ज करता येतो. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. काठी, वॉकर, संडासातली खुर्ची यासाठी ग्रामसभेत नाव घेऊन मागा.

आजारी पडलेली बाईच असेल तर

आता मनातलं बोलतो. घरातल्या पुरुषाला लकवा झाला तर बायको वर्षभर त्याची शुश्रूषा करते. बाईला झाला तर? व्यायाम करून घ्यायला कुणाला वेळ नसतो. गोळी आणायला मजुरी बुडवायची तयारी नसते. "आता वय झालं" म्हणून पन्नाशीची बाई कोपऱ्यात पडून राहते. आपल्या तालुक्यातल्या तानसा आणि भातसाचं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर हंडे बायकांच्याच डोक्यावर असतात. ती बाई पडली की तिचे हंडे कोण आणणार, हाच घरात पहिला प्रश्न होतो. तिचा हात कधी उचलेल, हा नंतरचा.

इथे गटाने उभं राहायचं. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे, ते नुसतं वहीत लिहायला नाही. गटातल्या बाईला किंवा तिच्या घरी असा आजार झाला, तर पुढच्याच बैठकीत चार गोष्टी ठरवा. रोज एकीने अर्धा तास तिच्याकडे जाऊन व्यायाम करून घ्यायचा, वारी लावून. महिन्याच्या गोळ्या कुणी आणायच्या ते नावानिशी ठरवायचं. प्रवासासाठी गटाचं अंतर्गत कर्ज द्यायचं, आणि ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असेल तर त्याची मागणी करायची. चौथं, त्या घरचा एक हंडा वाटून घ्यायचा.

आणि एक काम कुणी आजारी नसतानाच करायचं. तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईचं बीपी आणि साखर उपकेंद्रात मोफत तपासतात. बीपी वाढलं तरी डोकं दुखतंच असं नाही, त्यामुळे पत्ता लागत नाही. पुढची बैठक उपकेंद्राच्या ओट्यावर भरवा. सगळ्यांचं बीपी मोजून घ्या आणि बचतीच्या आकड्याशेजारी तोही आकडा वहीत लिहा. ज्यांचा वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे असेल, त्यांना पुन्हा मोजून घ्यायला कधी जायचं, ती तारीखही तिथेच लिहा.