रेलिंग नेमकं क्रीझवर

जुलैतला रविवार. कांगा लीगचा सामना. पावसाने जरा उघडीप दिलीय, तेवढ्यात पंचांनी खेळ सुरू केलाय. मरीन ड्राइव्हवरच्या या जिमखान्याने (नाव नको) मध्यंतरी प्रेक्षकांसाठी पहिल्या मजल्यावर गॅलरी बांधली. काचा, एसी, गुबगुबीत सोफे. आत्ता तिथे एक मुलगा मोबाइल चार्जिंगला लावून झोपलाय. बाकी सगळी मंडळी खाली जुन्या व्हरांड्यात, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर.

वर बसणार तरी कसं? काचेआड बॅटचा आवाज पोचत नाही. चेंडू मधोमध बसला की कड घेऊन गेला, हे इथले जाणते आधी कानांनी ओळखतात. शिवाय एसीने गार पडलेल्या काचेवर बाहेरून दव धरतं. ते पुसायला शिडी लावणार कोण?

हे सगळं निस्तरायला क्लबने माझ्या आर्किटेक्ट मैत्रिणीला बोलावलंय. ती नकाशा उघडतच नाही. रिकामी खुर्ची दिसली की जाऊन बसते, दोन ओव्हर बघते, उठते. मग पायऱ्यांवर टेप लावते. मागच्याची नजर पुढच्याच्या डोळ्यांपेक्षा किमान 6, खरं तर 9 ते 12 सेंटिमीटर वरून जायला हवी, असा तिच्या धंद्यातला हिशेब. सभोवार बघून म्हणते, "इथे सगळेच टोपीवाले. 15 धर."

कोपऱ्यातल्या काकांनी खुर्चीच्या चारही पायांखाली विटा सरकवल्यात. "अहो मॅडम, विटा काढल्या की बॅट्समन दिसतो तो कमरेत कापलेला." ती विटा बाजूला करून स्वतः बसते. खरंच, रेलिंगचा स्टीलचा वरचा पाइप बरोब्बर क्रीझवर येतोय. काका विजयी मुद्रेने विटा परत लावतात. व्हरांडा जमिनीपासून जेमतेम तीन पायऱ्या उंच. त्याला छातीएवढं रेलिंग लावणाऱ्याने बसून सामना बघितलाच नसावा.

तेवढ्यात बॅट्समन हात वर करून बाजूला होतो. साइटस्क्रीनशेजारून कोणीतरी चहाचा ट्रे घेऊन चाललंय. "ए, खाली बस!" अख्खा व्हरांडा ओरडतो. पोऱ्याचा बिचाऱ्याचा काय दोष? गॅलरीचा नवा जिना उतरतो तोच मुळी बॉलरच्या हाताच्या रेषेत, आणि कँटीनचं दारही तिथेच. स्कोअरर वैतागून मान उंचावतोय. मध्ये उभ्या राहिलेल्या दोघांमुळे त्याला पंचांची खूण दिसलेली नाही. मैत्रीण वहीत जिन्यावर मोठी फुली मारते.

कमिटीतले एक गृहस्थ येतात. "बाकी काय करायचं ते करा, पुढची रांग मेंबरांना राखीव पाहिजे." मागून एक जुने विकेटकीपर पुटपुटतात, "झालं, आता तिसरं स्टेडियम बांधा." चार-पाच जण खो-खो हसतात. तिकिटांच्या वाटणीवरून ब्रेबॉर्नचा क्लब आणि मुंबईची क्रिकेट असोसिएशन यांचं बिनसलं, आणि हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं. जानेवारी 1975 मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. ही गोष्ट इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आणि सर येते, समुद्राकडून, तिरपी. खेळाडू पळत आत येतात. खुर्च्या आपसूक मागे सरकतात. गप्पा मात्र तुटत नाहीत. जुन्या कौलारू छपराची वळचण चांगली हातभर पुढे आलेली आहे, तरी लादी भिजतेच. मैत्रीण खाली उकिडवी बसून ओल कुठवर येते ते बघतेय. सर ओसरायच्या आत ती कोरड्या कडेने खडूची लांब रेघ ओढते. "पहिली रांग इथून. नाहीतर छप्पर पुढे काढा."

गृहस्थ रेघेकडे बघतात, मग रेघेपुढच्या ओल्या लादीकडे. "म्हणजे मेंबर्स भिजणार?"

"राखीव हवी असेल तर, हो."

"छपराचं एस्टिमेट द्या," ते म्हणतात.