गिटारची डावी बाजू

जेवणाच्या पानात डावीकडे काय वाढतात? मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. जिभेला जाग आणणारं सगळं. घरोघरच्या गणपतीची सोंडही बहुधा डावीकडेच वळलेली. अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा एकटा सिद्धटेकचा. भाषेने मात्र डावं-उजवं केलंच. सरस तो ‘उजवा’, आणि बाजूला सारला त्याला ‘डावललं’. नाशिकमध्ये डावखुऱ्या मुलीसाठी इलेक्ट्रिक गिटार शोधायला निघालात की हे शेवटचं क्रियापद नीट कळतं.

माझी भाची नववीत आहे, पक्की डावरी. दुकानाच्या भिंतीवर वीसेक गिटारी टांगलेल्या, सगळ्यांची शिंगं एकाच दिशेला. तिने एक उचलली आणि आपसूक दुसऱ्या बाजूने धरली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “ताई, उलटी धरलीये.” ती म्हणाली, “मला अशीच धरता येते.” मी जवळून पाहिलं. जाड तार खाली गेलेली, बारीक तार वर आलेली. आवाजाचे नॉब थेट तिच्या मनगटाखाली, हात हलला की आवाज कमी. केबलची पिन खालून निघायची ती वरून, कोपराला टोचणारी. गाणं सुरू व्हायच्या आधीच हाताची आणि वाद्याची झटापट.

उलट्या गिटारीचा बादशहा

ही झटापट अमेरिकी गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने जिंकली. उजव्यांची फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार उलटी करायची, तारा काढून डावखुऱ्या क्रमाने पुन्हा चढवायच्या आणि वाजवायचं. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवातली त्याची पांढरी स्ट्रॅट अशीच होती. गंमत पुढे आहे. स्ट्रॅटमध्ये ब्रिजजवळचा पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपणारा भाग, तिरपा बसवलेला असतो. गिटार उलटी झाली की तिरपेपणाही उलटा होतो. जाड तारा जास्त खणखणीत वाजतात आणि बारीक तारांची धार थोडी मऊ होते. त्या आवाजाचं वेड इतकं, की २०१५ मध्ये फेंडरने उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी हेंड्रिक्सच्या नावाची स्ट्रॅट काढली तेव्हा तिचं डोकं आणि तो पिकअप मुद्दाम उलटे बसवले.

आणि जिने ही स्ट्रॅट १९५४ साली जगापुढे आणली त्या कंपनीचा मालक लिओ फेंडर? त्याला गिटार वाजवता येत नव्हती. ना उजवी, ना डावी.

तारासुद्धा न बदलणारे

ब्लूजवाला अल्बर्ट किंग आणि सर्फ रॉकवाला डिक डेल यांनी तर तारांचा क्रमही बदलला नाही. गिटार उलटी, तारा होत्या तशाच, जाड तार तळाला. एलिझाबेथ कॉटन ही अमेरिकी लोकगायिकाही तशीच वाजवायची: अंगठ्याने चाल, बोटांनी खर्जाच्या तारा, सगळ्या जगाच्या नेमकं उलट. त्या वादनशैलीला आज तिचंच नाव आहे. तिला ग्रॅमी मिळालं १९८५ मध्ये, वयाची नव्वदी गाठल्यावर.

बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने वेगळी वाट काढली. गिटार डावीकडूनही धरता येते हे त्याला गायक स्लिम व्हिटमनचा फोटो पाहून कळलं. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला त्याने व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस घेतला, तीसेक पौंडांना. दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे डाव्या हातात तो विचित्र दिसत नव्हता. हा बेस १९७२ मध्ये चोरीला गेला आणि परत मिळाल्याची बातमी आली २०२४ मध्ये.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो टोनी आयोमी. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतरा वर्षांच्या या डावखुऱ्या पोराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात तुटली. नोकरीचा शेवटचा दिवस होता. डावखुऱ्याचा उजवा हात म्हणजे तारा दाबायचा हात. त्याने साबणाच्या बाटलीचं प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या. त्याच हातांचा जडशीळ, खोल आवाज १९७० मध्ये त्याच्या ब्लॅक सबाथ बँडच्या पहिल्या अल्बमातून आला, आणि हेवी मेटल जन्माला आलं.

आपल्याकडे काय?

सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने, बॅट धरली उजव्या हाताची. सौरव गांगुली याच्या उलट: हात उजवा, पण मोठ्या भावाचं डावखुऱ्यांचं सामान घरात होतं म्हणून डावीकडून खेळायला शिकला. घरात जे सामान असतं तेच हात शिकतो.

संगीतात सर्वांत थोर गोष्ट मुंबईत घडली. पंडित हरिप्रसाद चौरसिया नावारूपाला आलेले बासरीवादक होते, तरी सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले. सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात करायची तयारी दाखवायची होती. म्हणून त्यांनी बासरी धरायची बाजूच बदलली, उजव्याची डावी केली. जमलेली बोटं मोडून नवी बसवली! आज आपण ऐकतो ती बासरी त्या डावीकडची.

तबल्यात डावखुरा वादक तबला-डग्ग्याच्या जागा बदलतो, झालं. आपल्या नाशिक ढोलात टिपरू या हातातून त्या हातात गेलं की काम भागतं. सतार मात्र अवघड, तिच्या तरफांच्या खुंट्या एकाच अंगाला असतात. व्हायोलिनचंही तसंच: चार्ली चॅप्लिन ते डाव्या हाताने वाजवायचा, तर त्याला वाद्याच्या पोटातला आधाराचा दांडाही दुसऱ्या बाजूला बसवून घ्यावा लागला.

खिशाचं काय?

नाशिकला इलेक्ट्रिक गिटारीचं वावडं नाही. गंगापूरच्या द्राक्षमळ्यांत २००८ पासून सुला फेस्टमध्ये ती गाजली आहे. पण दुकानात लेफ्टी गिटार क्वचित दिसते. ती मागवावी लागते, रंग निवडायला मिळत नाही, बहुधा काळा, आणि उजव्या बहिणीपेक्षा थोडे जास्त पैसे पडतात. कारण साधं आहे: जगात डावखुरे दहातला एक, त्यामुळे कारखाना त्या गिटारी थोड्याच काढतो.

तरी मार्ग आहेत. स्क्वायर ही फेंडरची स्वस्तातली शाखा, एपिफोन ही गिब्सनची. दोघांनी लेफ्टी मॉडेलं काढली आहेत, तशीच यामाहाच्या पॅसिफिका ११२ ने आणि आयबानेझच्या जिओ मालिकेनेही. नावाच्या शेपटीला ‘एल’ किंवा ‘एलएच’ दिसलं की ती आपली. मागवताना हे अक्षर बिलावर लिहून घ्याच. आणि खर्च हलका करणारी गोष्ट: अ‍ॅम्प, केबल, पट्टा, ट्यूनर, तारांचं पाकीट यांना डावं-उजवं नसतं. तेच सगळं चालतं.

‘उजवीच घ्या, तारा उलट लावून देतो’ असं कुणी म्हटलं तर मानेच्या टोकाची ती खाचांची पट्टी बघा. तिला नट म्हणतात. नेहमीच्या हलक्या संचात सर्वांत बारीक तार ०.००९ इंचाची, सर्वांत जाड ०.०४२ इंचाची, साडेचार पटींहून जाड. बारीक तारेच्या खाचेत जाड तार बसत नाही, जाडीच्या खाचेत बारीक तार खुळखुळते. नट बदलायला हवा, ब्रिजवरचे घोडेही पुन्हा जुळवायला हवेत. एवढं करून नॉब मनगटाखालीच. पहिल्या गिटारीसाठी मी हे कुणाला सुचवणार नाही.

गिटार हातात आली की दोन गोष्टी तपासा. मोकळी तार छेडा, मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून छेडा. मोबाइलच्या ट्यूनरवर दोन्ही वेळा तोच स्वर दिसला पाहिजे. आणि आवाजाचा नॉब हळू फिरवा. काही स्वस्त लेफ्टी गिटारींत आतला भाग उजव्यांचाच टाकलेला असतो, मग आवाज हळूहळू न चढता एकदम उसळतो. अशी परत करा.

एक दिलासाही आहे. निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनची निळी लेफ्टी मस्टँग २०२२ मध्ये लिलावात सुमारे ४५ लाख डॉलरला गेली. मस्टँग हे फेंडरने १९६४ मध्ये शिकाऊ मुलांसाठी काढलेलं स्वस्त मॉडेल!

आधी हात विचारा

सगळ्या डावखुऱ्यांना लेफ्टीच लागते असंही नाही. गिटारवादक मार्क नॉफ्लर आणि गॅरी मूर डावखुरे, वाजवली उजवी. म्हणून घरीच एक परीक्षा घ्या. मुलाला कारण न सांगता आवडतं गाणं लावा आणि हवेत गिटार वाजवायला सांगा. जो हात पोटाशी झणझण हलेल, तो छेडायचा हात. भाचीचा डावा हलला, तीनदा विचारलं, तीनदा डावाच. तिची काळी लेफ्टी मागवली, यायला वेळ लागला, पण मांडीवर घेतल्यावर नॉब जिथे हवे तिथे होते.

गिटार क्लास घेणाऱ्या नाशिककर सरांना आणि मॅडमना एक विनंती: पहिल्या दिवशी मुलाच्या हातात गिटार देण्याआधी त्याला विचारा, “तुझा हात कोणता?”