जठराचं काम दातांकडे, घड्याळाकडे आणि घराकडे

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण घरी निघतो तेव्हा त्याच्या हातात सूचनांचा एक कागद असतो. घास बारीक चावा, जेवताना पाणी पिऊ नका, आधी प्रथिनं खा, गोड टाळा, गोळ्या चुकवू नका. कागद फ्रिजच्या दारावर लागतो आणि घरातले सगळे त्याला ‘पथ्य’ म्हणू लागतात. पथ्य म्हटलं की ते कधीतरी सुटणार, हे आपण गृहीतच धरतो. काविळीचं पथ्य संपतं, बाळंतिणीचं संपतं, तसं हेही सहा महिन्यांत संपेल असं वाटत राहतं. या शस्त्रक्रियेनंतरच्या कितीतरी अडचणींचं मूळ या एका शब्दात आहे, असं मला वाटतं. जठर आजवर न सांगता जी कामं करत होतं, ती यापुढे कोणी करायची याची वाटणी त्या कागदावर लिहिलेली असते. काही कामं दातांकडे जातात, काही घड्याळाकडे, काही गोळ्यांच्या डबीकडे आणि बरीचशी घरातल्या माणसांकडे. ही वाटणी कायमची आहे, कारण जठर पूर्वीसारखं होणार नाही.

आधी ती कामं कोणती ते पाहू. निरोगी माणसाचं जठर जेवणाच्या वेळी सैल पडतं आणि लिटर-दीड लिटर ऐवज सहज सामावून घेतं. त्याच्या खालच्या भागातले स्नायू हे अन्न घुसळतात आणि एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठे कण सहसा पुढे सरकू देत नाहीत. पोळीचा तुकडा घाईत अर्धवट चावून गिळला तरी आपलं बिघडत नाही, ते या घुसळणीमुळे. मग तळाशी असलेली झडप ते मिश्रण थोडंथोडं लहान आतड्यात सोडते. शिवाय जठर आम्ल तयार करतं आणि बी-१२ जीवनसत्त्व शोषलं जावं म्हणून लागणारं एक खास प्रथिनही त्याच्याच भिंतीतून पाझरतं. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. तळाची झडप मात्र जागेवर राहते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर शरीरातच असतं, पण अन्न त्याच्या वाटेला जात नाही. ३० मिलिलिटर म्हणजे किती? आमटी वाढायच्या पळीत याहून जास्त मावतं.

हे एकदा समजलं की कागदावरच्या ओळी आपोआप उलगडतात. साठवण गेली, म्हणून दिवसाचं खाणं चार-पाच छोट्या वेळांत वाटावं लागतं. दळण गेलं, म्हणून ते दातांनी करायचं. पहिले काही आठवडे पातळ, मग मऊ आणि मग घट्ट अशा पायऱ्या चढून झाल्या की ताटाच्या जागी एक वाटी येते. तिच्यात पळीतून पटकन ओघळणार नाही इतकं घट्ट मुगाचं वरण, शेजारी कुस्करलेलं पनीर किंवा उकडलेल्या अंड्याचे चार तुकडे, आणि जागा उरलीच तर शेवटी लिंबाएवढा भात. घास शेंगदाण्याएवढा. तोंडात त्याची लापशी होईपर्यंत तो चावायचा, चमचा खाली ठेवायचा आणि मगच पुढचा उचलायचा. एवढीशी वाटी संपायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. घाई झाली किंवा एकच घास जास्त गेला, की छातीच्या हाडामागे दाटून येतं, तोंडाला पाणी सुटतं, कधी फेसासारखी लाळ येते आणि घास उलटून पडतो. अनेकांना सुरुवातीला मऊ पोळीचाच जास्त त्रास होतो, कारण कणकेचा लगदा चावून सुटत नाही. जेवणानंतर अर्धा तास पाणी न पिण्याचा नियम मात्र प्रयोगांपेक्षा डॉक्टरांच्या आणि आहारतज्ज्ञांच्या अनुभवावर जास्त उभा आहे. तरी तो पाळावा, असं मी म्हणेन. घोट-घोट करत दिवसाला दीड लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे, आणि जेवण व पाणी एकाच वेळी मावेल एवढी जागाच आत नाही.

झडपेचं काम बायपासनंतर कोणीच करत नाही. वाटीभर श्रीखंड किंवा दोन जिलब्या खाल्ल्या, तर साखरेचा तो दाट पाक थेट लहान आतड्यात कोसळतो. त्याला पातळ करण्यासाठी रक्तातलं पाणी आतड्यात ओढलं जातं. अर्ध्या तासाच्या आत छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो, पोटात मुरडा येतो, आडवं व्हावंसं वाटतं. वैद्यकात याला डम्पिंग म्हणतात. त्याचा दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. साखर झपाट्यानं रक्तात आल्यामुळे इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं, आणि तासा-दोन तासांनी रक्तातली साखर खाली घसरते. हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी काही गोड खाल्लं की तात्पुरतं बरं वाटतं आणि तेच चक्र पुन्हा सुरू होतं. आमरस जेवणात खाल्लेला असतो आणि चक्कर दोन तासांनी येते, त्यामुळे त्या दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो. एवढं चावायचं, एवढं मोजायचं, तर तेच शस्त्रक्रियेविना का करू नये? हा निव्वळ जवळचा रस्ता नाही का? याचं उत्तर संप्रेरकांमध्ये आहे. १९९९मध्ये जपानी संशोधकांनी घ्रेलिन हे भूक चेतवणारं संप्रेरक शोधून काढलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या घुमटात तयार होतं. २००२मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की केवळ आहार कमी करून वजन घटवलेल्यांच्या रक्तात घ्रेलिन वाढतं, म्हणजे शरीर भूक वाढवून गेलेलं वजन परत मागतं. बायपास झालेल्यांमध्ये मात्र ते खूपच कमी आढळलं. स्लीव्हमध्ये तर तो घुमटच काढला जातो. शिवाय अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोहोचल्यानं जीएलपी-१ आणि पीवायवाय ही तृप्तीची संप्रेरकं वाढतात. अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर पोरीस यांनी १९९५मध्ये ६०८ बायपास रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांतल्या मधुमेहींपैकी ८३ टक्क्यांची साखर पूर्वपदाला आली होती, आणि ती वजन फारसं उतरण्याआधीच उतरू लागली होती. म्हणून मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांची मात्रा शस्त्रक्रियेनंतर लगेचच डॉक्टरांकडून नव्यानं ठरवून घ्यावी लागते. जुन्या मात्रेनं घेत राहणं धोक्याचं असतं. शस्त्रक्रियेविना तोच आहार पाळणारा माणूस वाढत्या भुकेशी रोज झगडत असतो. शस्त्रक्रिया झालेल्याला ती भूक बरीचशी शांत झालेली मिळते. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

मग दुसऱ्या बाजूचा आक्षेप येतो. भूकच कमी झाली, पोटच लहान झालं, तर वजन आपोआप आटोक्यात राहील, नियमांचा जाच कशाला? याचं उत्तर स्वीडनमध्ये मिळतं. तिथे १९८७मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले सुमारे दोन हजार आणि न झालेले तितकेच लठ्ठ लोक वर्षानुवर्षं तपासले गेले. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरलं. दहा वर्षांनी पाहिलं तर घट २५ टक्क्यांवर आली होती. मला हे दोन्ही आकडे महत्त्वाचे वाटतात. दहा वर्षांनंतर पाव हिश्श्यानं कमी राहिलेलं वजन ही मोठीच गोष्ट आहे, आणि त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूही कमी दिसले. पण थोडं वजन परत येतं हेही तितकंच खरं. ते कोणत्या वाटेनं येतं हे स्वयंपाकघरात दिसतं. पनीर, अंडं, मोड आलेल्या मटकीची उसळ असं घट्ट अन्न लहान जठरात थांबतं आणि पोट भरल्याची जाणीव देतं. चहात बुडवलेलं बिस्किट, शेव, आइस्क्रीम, मिल्कशेक हे घसरून जातं. त्यानं पोट कधी भरतच नाही, थोडंथोडं खाल्लं तर बरेचदा त्रासही होत नाही, आणि दिवसभर चरत राहिलं तर हजार-दीड हजार कॅलरी कळतही नाहीत. मटकी जड जाते आणि बिस्किट सोसतं, म्हणून माणूस बिस्किटाकडे वळतो. यात मनाच्या कमकुवतपणापेक्षा लहान झालेल्या जठराच्या रचनेचा वाटा मोठा आहे. म्हणूनच रुग्णाला दोष देण्यापेक्षा घास कसा चावला जातोय हे पाहणं जास्त उपयोगाचं ठरतं.

प्रथिनांचा हिशेब आपल्या घरांत सर्वांत अवघड जातो. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, कपभर दुधात ६ ते ७. आपलं रोजचं पातळ वरण बहुतांशी पाणीच असतं. भात, पोळी, बटाट्याची भाजी असं जेवण जागा अडवतं आणि हाती फारसं काही देत नाही. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. मांसाहारी माणसाला मऊ शिजवलेले मासे खाऊन हा हिशेब जुळवता येतो. शाकाहारी घरात मात्र दही, पनीर, सोयाबीन, घट्ट डाळी यांची आखणी आदल्या दिवशीच करावी लागते आणि बरेचदा प्रथिनांची पावडरही लागते.

सूक्ष्म पोषकद्रव्यांबाबत आपण आणखी मागून सुरुवात करतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी २००६मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतल्या ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. त्या पुरुषांवर कोणतीही शस्त्रक्रिया झालेली नव्हती. जिथे साठा आधीच रिता, तिथे बी-१२ शोषण्याची यंत्रणाही कमी झाली तर मज्जातंतूंना इजा पोहोचू शकते. पायांना मुंग्या येणं, तोल जाणं ही तिची लक्षणं आपण वयावर ढकलतो. आयुष्यभर गोळ्याच खायच्या तर काय उपयोग, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं, की जठराच्या कामामुळे रोज जे मिळत होतं तेच या गोळ्या पुरवतात. त्यांचंही वेळापत्रक असतं. लोह आणि कॅल्शियम एकमेकांच्या आड येतात, म्हणून दोन्हींमध्ये किमान दोन तास हवेत. लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा नको. कॅल्शियम सिट्रेट स्वरूपात असेल तर आम्ल कमी असूनही शोषलं जातं. सारख्या उलट्या होत असतील तर थांबून राहू नये. थायामिन हे जीवनसत्त्व काही आठवड्यांतच संपतं आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात तेव्हा घाबरून जायला होतं. बहुतेकांचे ते परत येतात. मूल हवं असलेल्या स्त्रियांनी वर्ष-दीड वर्ष थांबावं, असा सल्ला दिला जातो.

आता वजन उतरवणारी इंजेक्शनं आली आहेत, मग हा खटाटोप कशासाठी, असंही विचारलं जातं. सेमाग्लुटाइडनं सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के वजन उतरल्याचं २०२१मध्ये दिसलं. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं सुमारे दोन तृतीयांश परत आलं. काहींसाठी हीच वाट योग्य असेल. तिच्यातही प्रथिनं आणि स्नायू जपायचे असतातच.

मद्याबद्दल आपल्याकडे मोकळेपणानं बोललं जात नाही, म्हणून स्पष्टच सांगतो. बायपासनंतर तोच पेला लवकर चढतो आणि जास्त चढतो. अमेरिकेत सुमारे दोन हजार रुग्णांच्या अभ्यासात दुसऱ्या वर्षी मद्याच्या व्यसनाचं प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा वाढलेलं आढळलं. अंगदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि तंबाखूचं धूम्रपान यांनी बायपासच्या जोडाजवळ व्रण होतात.

उरतं ते घराकडे आलेलं काम. पंगतीत ‘अहो, एक तरी घ्या’ म्हणून वाढलेला मोदक नाकारणं हा यजमानाचा अपमान ठरू नये, हे यजमानानं समजून घ्यायचं आहे. निर्जळी उपवास या शरीराला झेपत नाही, कारण चुकलेलं पाणी संध्याकाळी एकदम भरून काढता येत नाही. देवाधर्माचं राखायचं असेल तर ताक, दूध, दही यांवर उपवास करता येतो. पण माझ्या दृष्टीनं सर्वांत कठीण प्रश्न घरातल्या बाईचा आहे. वीस-पंचवीस मिनिटं एका जागी बसून चावत जेवणं हा तिच्या उपचाराचाच भाग आहे. तिचं जेवण मात्र सगळ्यांना गरम पोळ्या वाढून झाल्यावर, ओट्याशी उभ्यानं, पातेल्यात उरलेल्यावर, पाच मिनिटांत उरकतं. तिच्या पोळ्या त्या वीस मिनिटांत कोण लाटणार, आणि तिच्या वाटीतलं पनीर मुलांच्या डब्यात जाण्याआधी बाजूला कोण काढून ठेवणार, हे शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधीच घरात बसून ठरवायला हवं.