दिव्यांग सल्लागार मंडळात आपला माणूस कोण?

वरठी आणि मोहाडी तालुक्यातल्या गावांत काम करताना दिव्यांग बांधव-भगिनींकडून आम्हाला दोन प्रश्न सतत ऐकू येतात. प्रमाणपत्र कधी मिळेल? निराधारचे पैसे कधी जमा होतील? दोन्ही प्रश्न पोटाचे आहेत, त्यामुळे ते आधी येणारच. पण ज्या ठिकाणी दिव्यांगांचे धोरण ठरते तिथे आपल्या वतीने कोण बोलतो, हा तिसरा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. शिकलेल्या बौद्ध तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी तो विचारला पाहिजे, कारण कायद्याने तिथे आपल्यासाठी जागा ठेवलेली आहे.

मंडळात कोण असते?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, नव्या कायद्यात ते २१ झाले. याच कायद्याच्या कलम ६६ नुसार प्रत्येक राज्यात राज्य सल्लागार मंडळ नेमायचे असते. दिव्यांग विषयाचे खाते ज्या मंत्र्यांकडे असेल ते अध्यक्ष असतात. विविध विभागांचे सचिव, आमदार आणि तज्ज्ञ हे सदस्य असतात.

आपल्या दृष्टीने दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की दिव्यांगांच्या संस्था-संघटनांचे १० प्रतिनिधी मंडळावर घ्यायचे असतात आणि शक्यतो ते स्वतः दिव्यांग असावेत. त्यांत किमान ५ महिला, किमान एक व्यक्ती अनुसूचित जातीची आणि किमान एक अनुसूचित जमातीची असलीच पाहिजे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून या जागेवर बौद्ध दिव्यांग व्यक्तीचाही हक्क आहे. दुसरी तरतूद जिल्ह्यांच्या प्रतिनिधित्वाची. जिल्ह्यांचे प्रतिनिधी म्हणून ५ सदस्य आळीपाळीने नेमले जातात आणि त्यांची नेमणूक जिल्हा प्रशासनाच्या शिफारशीशिवाय होत नाही. म्हणजे या मंडळाकडे जाणारी एक वाट भंडाऱ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून जाते.

मंडळ काय करते, काय करत नाही?

मंडळ सरकारला धोरण, योजना आणि कायद्यांबाबत सल्ला देते. सर्व विभागांच्या कामाचा आढावा घेते, इमारती आणि सेवा दिव्यांगांना वापरता याव्यात म्हणून उपाय सुचवते, कायद्याचा प्रत्यक्षात काय परिणाम झाला हे तपासते. दर सहा महिन्यांत किमान एक बैठक बंधनकारक आहे.

एखाद्याचे अडलेले प्रमाणपत्र किंवा थांबलेले अनुदान मात्र मंडळ मिळवून देत नाही. हक्क डावलला गेला तर त्याची तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करायची. चौकशीसाठी साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयुक्तांना आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने काय कारवाई केली, ते तीन महिन्यांत कळवावे लागते. थोडक्यात, एका माणसाची तक्रार आयुक्तांकडे जाते आणि हजारोंना लागू होणारा प्रश्न मंडळासमोर जातो.

सिकलसेलचेच पाहा

विदर्भात सिकलसेल अनुसूचित जाती-जमातींमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळतो. २१ प्रकारांत त्याचा समावेश आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या सिकलसेलग्रस्त विद्यार्थ्याला उच्च शिक्षणातील ५ टक्के आरक्षण लागू होते. पण कलम ३४ मधील सरकारी नोकरीच्या ४ टक्के आरक्षणात रक्ताचे आजार नाहीत. सिकलसेलमुळे खुब्याचा सांधा निकामी होऊन चालणे कठीण झाले, तर अस्थिव्यंग म्हणून दावा करता येतो. ज्याचे अंग वारंवार दुखते आणि ज्याला पुन्हा पुन्हा दवाखान्यात भरती व्हावे लागते, त्याला नोकरीच्या वेळी या आरक्षणाचा आधार नाही.

हे कलम बदलणे संसदेच्या हातात आहे. पण राज्य मंडळ हा प्रश्न केंद्राकडे लावून धरू शकते, राज्याच्या धोरणात काही सवलती सुचवू शकते. त्यासाठी हे दुखणे घरात पाहिलेला माणूस बैठकीत बसलेला हवा. २०११ च्या जनगणनेनुसार देशात दिव्यांगांचे प्रमाण २.२१ टक्के होते, अनुसूचित जातींत ते २.४५ टक्के होते. आपल्याकडे प्रमाण जास्त असूनही त्या खुर्चीबद्दल आपल्या सभांमध्ये चर्चा होत नाही.

१९१९ साली साउथबरो समितीसमोर बाबासाहेबांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांमधूनच हवेत, अशी मांडणी केली. दुसऱ्याने आपल्या वतीने बोलणे पुरेसे नाही, हा त्यामागचा विचार होता. जगभरातली दिव्यांग चळवळ आज हेच म्हणते. ज्या भंडाऱ्यातून १९५४ ची पोटनिवडणूक बाबासाहेबांनी लढवली, तिथल्या कार्यकर्त्यांना हा विचार नवा नाही. तो दिव्यांगांच्या बाबतीत लावायचा आहे.

आपण काय करू शकतो?

१. माहिती अधिकारात चार गोष्टी विचारा: मंडळाचे सध्याचे सदस्य कोण, अनुसूचित जातीच्या जागेवर कोण आहे, गेल्या तीन वर्षांत बैठका किती झाल्या, त्यांची इतिवृत्ते कुठे आहेत. अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे.

२. कलम ७२ नुसार जिल्हास्तरीय समिती असते. भंडाऱ्याच्या समितीवर कोण आहे, ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. तालुक्यातील सक्षम दिव्यांग कार्यकर्त्यांची, विशेषतः महिलांची नावे लेखी द्या.

३. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत त्याचा हिशोब मागा.

४. विहारात बैठक घेण्याआधी विहाराच्या पायऱ्या मोजा. चाकाची खुर्ची आत जात नसेल तर उतार बांधण्यापासून सुरुवात करा. ज्याचा प्रश्न मांडायचा तोच बाहेर राहिला, तर मंडळावर पाठवायचा माणूस आपल्याला सापडणार कुठे?

कायद्यात जागा आहे म्हणून ती आपोआप आपल्याला मिळत नाही. नाव सुचवावे लागते, पाठपुरावा करावा लागतो, आणि निवडून गेलेल्या माणसाला गावागावांतले प्रश्न लिहून द्यावे लागतात. हे काम आपल्या तरुणांनी हाती घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.

जय भीम!