जलमापक : बसवणी, निगा व दूषण-प्रतिबंध

नळातून जाणाऱ्या पाण्याचे घनफळ मोजून त्याची एकूण बेरीज तबकडीवर दाखविणारे उपकरण. व्यवहारात याला ‘पाण्याचा मीटर’ म्हणतात. पाणीपट्टीची आकारणी आणि गळतीचा शोध हे त्याचे मुख्य उपयोग होत. मापक बसविण्यासाठी वा दुरुस्त करण्यासाठी बंदिस्त नळ उघडावा लागतो. त्यामुळे मोजमापाची जागा ही बाहेरील घाण पाण्यात शिरण्याचीही जागा ठरू शकते. यास्तव मापकाची अचूकता व पाण्याची शुद्धता यांची काळजी एकत्रच घ्यावी लागते.

प्रकार : घरगुती मापकांचे (१५ ते ५० मिमी.) दोन प्रकार आहेत. अनुमानी मापकात पाण्याच्या झोतांनी चक्री फिरते व तिच्या फेऱ्यांवरून घनफळ ठरते. अर्ध-धन विस्थापन मापकात ठराविक घनफळाचा कप्पा आळीपाळीने भरतो व रिकामा होतो. मोठ्या नळांवर व्हेंचुरी किंवा विद्युत् चुंबकीय मापक वापरतात. यांत पाण्यात फिरणारे भाग नसतात. भारतीय मानक ७७९ नुसार घरगुती मापकातील त्रुटी नेहमीच्या प्रवाहाला ± २% आणि अगदी मंद प्रवाहाला ± ५% यांहून अधिक असता कामा नये.

बसवणी : नवा नळ आधी जोराच्या प्रवाहाने धुऊन वाळू, गंज व आट्यांचा कीस काढून टाकतात आणि मगच मापक जोडतात, अन्यथा हा कचरा गाळणीत वा चक्रीत अडकतो. मापकावरील बाण प्रवाहाच्या दिशेने असावा. चक्रीचा मापक सामान्यतः आडवा, तबकडी वर करून बसवितात. मापक नेहमी पाण्याने पूर्ण भरलेला राहावा म्हणून तो नळाच्या उंच भागात न ठेवता सखल भागात ठेवतात. बाक व झडपा यांमुळे प्रवाहात भोवरे निर्माण होतात. म्हणून मापकाच्या अलीकडे व पलीकडे सरळ नळ ठेवतात. विद्युत् चुंबकीय मापकाला अलीकडे साधारणतः व्यासाच्या पाचपट सरळ लांबी पुरते. दोन्ही बाजूंस झडपा असल्यास दुरुस्तीच्या वेळी नळ रिकामा करावा लागत नाही. सांध्यातील रबरी चकती आत डोकावू नये.

खंडित पुरवठ्यात नळ रिकामा होतो आणि पाणी सुटताना आधी हवा वेगाने बाहेर पडते. ती चक्री फिरविते व मापक जास्त नोंद करतो. वायुनिर्गम झडप बसविल्यास हा दोष कमी होतो.

दूषण-प्रतिबंध : नळातील दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असेतोवर गळक्या सांध्यातून पाणी बाहेर जाते. पुरवठा बंद झाल्यास, आग विझविण्यासाठी एकदम पाणी उपसल्यास किंवा ग्राहकाने जोडणीवर थेट पंप लावल्यास हा दाब घटतो आणि त्याच सांध्यातून बाहेरील पाणी आत ओढले जाते. मापकाची पेटी गटाराच्या पाण्याने भरली असेल, तर ते सरळ पिण्याच्या पाण्यात मिसळते.

याचे प्रसिद्ध उदाहरण १९६९ मध्ये अमेरिकेतील वुस्टर (मॅसॅचूसेट्स) येथे घडले. होली क्रॉस महाविद्यालयाच्या सरावाच्या मैदानावर फवाऱ्यांच्या जमिनीखालील पेट्यांत दूषित पाणी साचले होते. शहरात लागलेल्या आगीमुळे नळातील दाब उतरला व ते पाणी मैदानावरील पिण्याच्या नळात ओढले गेले. संघातील ९७ पैकी सु. ९० जणांना यकृतशोथाचा संसर्ग झाला आणि संघाचे त्या हंगामातील उरलेले सामने रद्द करावे लागले.

यासाठी पेटी कोरडी, निचऱ्याची व गटारापासून दूर ठेवतात. टाकीत पडणाऱ्या नळाचे तोंड कडेच्या काठापासून नळाच्या व्यासाच्या किमान दुप्पट, परंतु २५ मिमी.पेक्षा कमी नाही इतके उंच ठेवतात. हा सर्वांत विश्वसनीय उपाय होय. जेथे विषारी द्रव्यांचा संबंध येतो तेथे एकच एकदिश झडप पुरेशी नसते; तेथे दोन झडपा व त्यांमध्ये दाब घटताच उघडणारा निर्गम असलेली योजना लागते. पंप नळाला थेट न जोडता जमिनीवरील टाकीतून पाणी उपसण्यासाठी लावावा.

निगा : गाळणी वेळोवेळी काढून धुतात, मापक ठराविक काळाने चाचणी-बाकावर तपासतात. दुरुस्तीत नळाची उघडी तोंडे बुचांनी बंद ठेवतात, जोडावयाचे भाग १% हायपोक्लोराइट विद्रावाने आतून पुसतात व नंतर नळ धुऊन घेतात. नवीन नळ दर लिटरला २५ मिग्रॅ. क्लोरीन असलेल्या पाण्याने भरून २४ तास ठेवतात. त्यानंतर १० मिग्रॅ. तरी क्लोरीन शिल्लक असावे लागते. हे पाणी टाकून देऊन जंतुपरीक्षणानंतरच पुरवठा सुरू करतात. मापकाचा काटा उलटा फिरणे हे पाणी मागे वळल्याचे चिन्ह आहे. अशा वेळी मापक बदलून न थांबता उलट प्रवाहाचे मूळ शोधणे आवश्यक असते.